चेंडूला विटाळ नसतो

आपल्या अभ्यासवर्गात एक प्रश्न हमखास येतो. १९३७ साली मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसनं कुणाला उभं केलं होतं? पोट्टे फटकन उत्तर देतात : बाळू चांभाराला. बस्स. उत्तर बरोबर, मार्क पूर्ण, आणि माणूस खलास. पालवणकर बाळू नावाचा एक अख्खा माणूस आपण एका मतपेटीत घालून पुरून टाकला आहे.

मला हे पुरणं मान्य नाही. तो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला, हे चूकच. त्याची तरफदारी करायला मी बसलेलो नाही. पण उभा राहिला तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. त्याआधीची चाळीसेक वर्षं त्यानं काय केलं, त्याच्याशी कोण कसं वागलं, आणि एवढं सोसूनही तो तिकडेच का गेला, हे समजून घेतल्याशिवाय आपल्याला १९३७ समजणार नाही. आणि १९३७ समजलं नाही तर आजचंही समजणार नाही.

बाळूला मी अरेतुरेच म्हणणार आहे. घरच्या माणसाला म्हणतो तसं. घरच्या माणसालाच जाब विचारता येतो.

मात्र बाळूची गोष्ट मला एकट्याची सांगता येत नाही. तिला एक जोडीदार लागतो. तो जोडीदार आहे अमेरिकेतला. मोझेस फ्लीटवूड वॉकर. बेसबॉल खेळायचा. पोटासाठी खेळायचा. कामाचं नाव कॅचर.

कॅचर म्हणजे काय, ते आधी सांगतो. बेसबॉलमध्ये बॉल टप्पा पाडून टाकत नाहीत, सरळ फेकतात. फेकणारा तो पिचर. मारणाऱ्याच्या मागं उकिडवं बसून झेलणारा तो कॅचर. आपल्या विकेटकीपरचा भाऊच. पण त्याचं काम कीपरपेक्षा जास्त. कुठला बॉल टाकायचा, वर की खाली, जोरात की वळवून, हे कॅचर बोटांच्या खुणेनं पिचरला सांगतो. खूण समजली तर झेलायला सोपं. खूण डावलून भलताच बॉल आला तर बोटं तुटतात. वॉकरच्या काळात तर कॅचरला आजच्यासारखा जाडजूड हातमोजाही नसायचा. उघड्या हातानं नाहीतर पातळ मोज्यानं झेलायचं. आमच्या गिरणीच्या टीमचा मी कीपर आहे. पाळी संपल्यावर मैदानात तासभर उकिडवं बसलं की गुडघ्यांचं काय होतं, ते मला विचारा. वॉकर हे पगारावर करत होता, अख्खा सीझन.

वॉकर १८५६ साली ओहायो राज्यात जन्मला. तिथं गुलामी नव्हती, दक्षिणेत होती. पाच वर्षांत त्याच्या देशात यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५. गुलाम ठेवायचे की सोडायचे, हेच त्या भांडणाचं मूळ. दक्षिणेची बंदरं अडवली गेली. गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडला पोचेना. लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या. मग सायबाचं लक्ष गेलं आपल्या वऱ्हाडाकडं. खामगावच्या कापसाला भाव आला. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो माणसांसाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी आला. म्हणजे बघा, आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या काळ्या मातीचा आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा संबंध मी ओढून ताणून आणलेला नाही. एकाच धाग्यावर दोन्हीकडची माणसं लोंबकळत होती. धाग्याचं टोक तिसऱ्याच्याच हातात.

वॉकर कॉलेजात शिकला. १८८३ साली टोलेडो शहराच्या टीमनं त्याला पगारावर घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोची नामांकित टीम तिथं सामना खेळायला आली. तिचा कॅप्टन कॅप अ‍ॅन्सन. त्यानं सांगितलं, काळा माणूस मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही. वॉकरचा हात त्या दिवशी दुखावलेला होता, तो खेळणारच नव्हता. टोलेडोचा मॅनेजर चार्ली मॉर्टन चिडला. त्यानं मुद्दाम वॉकरला टीममध्ये घातलं, आणि अ‍ॅन्सनला बजावलं, खेळला नाहीत तर तिकिटाच्या पैशातला वाटा विसरा. अ‍ॅन्सन खेळला. शिव्या देत खेळला, पण खेळला. पैशापुढं त्याच्या रंगाचा विटाळ दुपारपुरता झोपला.

१८८४ साली टोलेडोची टीम वरच्या लीगमध्ये गेली. वॉकर तिथं ४२ सामने खेळला. त्याचा भाऊ वेल्डीही थोडे सामने खेळला. एका दक्षिणी शहरातून धमकीचं पत्र आलं : वॉकरला आणलंत तर पंचाहत्तर माणसं त्याला झोडपायला तयार आहेत. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. त्याच्याच टीममध्ये टोनी मुलेन नावाचा पिचर होता. म्हातारपणी, १९१९ साली, त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, की वॉकर हा मला मिळालेला सगळ्यात चांगला कॅचर. पण मला काळा माणूस आवडत नसे, म्हणून मी त्याच्या खुणा बघतच नसे, मनाला येईल तो बॉल टाकत असे.

हे वाक्य दोनदा वाचा. टीम आपलीच. जिंकायचं दोघांनाही. पण काळ्या माणसाच्या बोटाची खूण मानली तर त्याचं डोकं मानल्यासारखं होईल. हात चालतो, डोकं चालत नाही. आणि वॉकर? खूण न मिळता, कुठला बॉल येतोय ते ठाऊक नसता, तो झेलतच राहिला.

१८८७ साली जुलै महिन्यात इंटरनॅशनल लीग नावाच्या लीगच्या मालकांनी ठराव केला : यापुढं काळ्या खेळाडूंशी नवे करार नाहीत. १८८९ नंतर वॉकरलाही जागा उरली नाही. पुढं वरच्या बेसबॉलचा दरवाजा १९४७ साली जॅकी रॉबिन्सन आत शिरेपर्यंत बंद राहिला. मोठ्या लीगमध्ये ह्याचा लेखी कायदा कुठंच नव्हता. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लिहायला कशाला लागते? आपल्याकडं तरी पाणवठ्यावर बोर्ड कुठं होता?

आता बाळू.

बाळू जन्मला १८७६ साली धारवाडला. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून. जात चांभार. बाप लष्करी नोकरीतला, त्यामुळं पोरं पुण्याच्या छावणीच्या आसपास वाढली. बाळूला पहिली नोकरी लागली ती पारशांच्या क्रिकेट क्लबात. पिच झाडायचं, रोलर ओढायचा. पगार महिन्याला तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. पगार चार रुपये. काम तेच : पिच करायचं, नेट बांधायचं, रेघा मारायच्या. मधूनमधून सायबाला सरावासाठी बॉल टाकायचा.

ग्रेग नावाचा एक कॅप्टन होता, फार चांगला बॅट्समन. तो सगळ्यांच्या आधी येऊन बाळूकडून तासन्‌तास बोलिंग करून घेई. बाळूनं आऊट केलं की ग्रेग आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आठ आण्याचं खरंखोटं राहू द्या. पण बाळूचा डावा हात त्या नेटमध्ये तयार झाला, हे खरं. डावखुरी संथ फिरकी. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : बोलिंग टाकून टाकून घेतली, पण त्या क्लबात त्याच्या हातात बॅट कुणी दिली नाही. घाम गाळायचं काम खालच्यांचं, फटके मारायची मौज वरच्यांची. मैदानातही वर्णव्यवस्था अशी काम वाटून देते. आजही गावाकडं आमची पोरं जास्त करून बोलरच का होतात, याचा विचार कधी केलाय का? बॅटला पैसे लागतात. बॉल टाकायला हात पुरतो.

पुण्यात हिंदूंचा क्लब होता. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू पाहिजे. पण घ्यायचा कसा? क्लबातले तेलुगू मेंबर म्हणाले घ्या. पुण्याचे ब्राह्मण मेंबर म्हणाले नको. ग्रेगनं जाहीर सांगितलं की अशा बोलरला बाहेर ठेवणं हा मूर्खपणा आहे. शेवटी घेतला. म्हणजे कसा घेतला? मैदानात तोच बॉल सगळ्यांच्या हातात. चहाची सुट्टी झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, कपबशीत. बाळू बाहेर, मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यात. तोंड धुवायचं तर पाणी घालायला दुसरा अस्पृश्य. जेवायला वेगळा.

आता जरा बॉलचा विचार करा. बॉल कशाचा? चामड्याचा. मेलेल्या जनावराचं कातडं. सोलणारा अस्पृश्य, कमावणारा अस्पृश्य, शिवणारा अस्पृश्य. शास्त्रानं सगळ्यात विटाळलेली म्हणून सांगितलेली वस्तू. वर तिला थुंकी लावून चमकवायची क्रिकेटमध्ये जुनी रीत. ही थुंकी कोरोनानं बंद पाडली, २०२० साली. धर्मानं बंद पाडली नव्हती. असा हा बॉल बाळूच्या हातातून सुटायचा, टप्पा पडून वळायचा आणि मागं उभ्या सवर्ण कीपरच्या हातात जायचा. तिथून स्लिपमध्ये, तिथून मिडऑफला, तिथून परत बाळूकडं. दिवसभर. शंभरदा. एकाच्याही हाताला विटाळ झाला नाही. कपाला झाला.

हे वाचलं तेव्हा मला एकदम गिरणी आठवली. मी सूत गिरणीत रिंगफ्रेमवर आहे. आमच्याकडं विणकाम नाही. पण मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांत होतं. तिथं सूतखात्यात आपली माणसं चालायची. विणकाम खात्यात चालायची नाहीत. आणि पगार जास्त तो विणकामात. कारण काय देत? धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. मग अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्णानं तोंडाला कसा लावायचा? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न उचलला. मजुरांची एकी म्हणता, मग विणकाम खात्याचं दार आम्हाला बंद का?

सूत आपल्या हातानं काढलेलं चालतं. कापड होऊन ते देवाच्या अंगावरही चढतं. पण जादा पगाराच्या खात्यात शिरायचं म्हटलं की थुंकी आडवी येते. बॉलवरच्या थुंकीला मात्र कुणी आडवं येत नाही. का? कारण तिथं गोऱ्यांना हरवायचं असतं. दोस्तहो, विटाळ हा हाताला नसतो, बॉललाही नसतो, धाग्यालाही नसतो. विटाळ गरजेप्रमाणं जागा होतो आणि गरजेप्रमाणं झोपतो. अ‍ॅन्सनचा तिकिटाच्या पैशापुढं झोपला तसा.

पुण्यात प्लेग आला तेव्हा, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला गेला. तिथल्या हिंदू जिमखान्यात तो खेळू लागला. विरोध तिथंही झाला. पण मुंबईत हळूहळू कपबशी मिळाली, जेवणाच्या टेबलावर जागाही मिळाली. हे मी लपवत नाही. लपवलं तर पुढचं समजणार नाही.

फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदू २४२ आणि १६०. युरोपियन १९१ आणि १०२. गोऱ्यांचा १०९ धावांनी पराभव. बाळू होता, त्याचा भाऊ शिवरामही होता. सगळ्या शहरात जल्लोष. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या सुधारकी पत्रानं शाबासकी दिली. कुणाला? जुने पूर्वग्रह तुडवून सगळ्या जातींना संधी देणाऱ्या हिंदू खेळाडूंना. म्हणजे बॉल टाकला बाळूनं आणि मोठ्या मनाचं सर्टिफिकेट मिळालं टाकू देणाऱ्याला! ही चाल जुनी आहे. आजही आपला पोरगा पहिला आला की सत्कार संस्थेच्या उदारपणाचा होतो.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीत हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली. टीम मार खाऊन आली. पस्तिशीतला, खांदा दुखावलेला बाळू एकटा भिडत राहिला. सगळ्या सामन्यांत मिळून ११४ विकेट. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८. त्याच्या बोलिंगवर मागं उभा असायचा के. शेषाचारी, टीमचा विकेटकीपर. फिरकी बोलर आणि कीपर ही जोडी नवराबायकोसारखी असते. एकाच्या मनातलं दुसऱ्याला न बोलता कळावं लागतं. इथं मला मुलेन आणि वॉकर आठवतात. तिकडं गोऱ्या पिचरनं काळ्या कॅचरची खूण मानली नाही. इकडं अस्पृश्याच्या हाताची खूण कीपरला रोज वाचावी लागत होती, नाहीतर बॉल दाढेवर बसला असता. खेळ माणसाला असा दुसऱ्या माणसाचा हात वाचायला लावतो. म्हणून मला खेळ आवडतो. आणि म्हणूनच खेळ संपल्यावर जे होतं ते जास्त टोचतं.

परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजानं बाळूचा सत्कार केला. बाळूला इतिहासात परत आणणारे रामचंद्र गुहा लिहितात, की त्या सत्काराचं मानपत्र लिहिणारा तरुण होता भीमराव आंबेडकर. म्हणजे विशीतल्या बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढं आपल्यातला मोठा माणूस कोण होता? बाळू होता. हे किती जणांना माहीत आहे?

पण कॅप्टन? ते नाही. दरवर्षी हिंदूंची टीम निवडली जायची, बाळू सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा, आणि दरवर्षी कप्तानी दुसऱ्याला. कप मिळाला, कप्तानी नाही. हात चालतो, डोकं चालत नाही. मुलेनचाच न्याय.

१९२० साली ठिणगी पडली. बाळूला टीममधून वगळलं. कॅप्टन पै आजारी पडले, तेव्हा बाळूचा भाऊ विठ्ठल याचा हक्क होता. त्याला डावलून देवधरांना कॅप्टन केलं. विठ्ठल आणि शिवराम दोघांनी टीममधून अंग काढून घेतलं आणि जाहीर पत्रक काढून सांगितलं, की हा जातीचा अपमान आहे, आम्ही सहन करणार नाही. वॉकरच्या भावाचं नाव वर आलंय ना, वेल्डी? त्यानंही १८८८ साली काळ्यांवरच्या बंदीविरुद्ध लीगच्या अध्यक्षाला वर्तमानपत्रातून असंच उघडं पत्र लिहिलं होतं. दोन खंडांवर दोन भाऊ, ओळख ना पाळख. वेल्डीच्या पत्रानं दार उघडलं नाही. पालवणकरांच्या पत्रकानं मात्र हललं. पै परतले, बाळूला उपकप्तान केलं, आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा थोडा वेळ टीम बाळूच्या हाती आली. उभ्या आयुष्यात कप्तानी काय ती एवढीच.

१९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कॅप्टन झाला. त्या वर्षी हिंदू जिंकले. पुढं १९२५ आणि १९२६ सालीही जिंकले. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचललं. सवर्णांच्या खांद्यावर चांभाराचा पोर. विठ्ठलनं पुढं ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावानं आपली कहाणी लिहिलीही.

इथं थांबा. इथंच बाळूच्या राजकारणाचं मूळ आहे असं मला वाटतं. बाळूनं काय पाहिलं? आधी रोलर, मग बॉल, मग कप, मग टेबल, मग भावाच्या डोक्यावर कप्तानीची टोपी. तीस वर्षांत एकेक दार उघडत गेलं. त्याला वाटलं, हिंदूंचं मन वितळतंय. धीर धरा, चांगलं खेळा, उरलेली दारंही उघडतील. त्याच्या आयुष्यानं त्याला हा धडा दिला होता. तो धडा खोटा नव्हता. पण तो एका माणसाचा धडा होता.

बाबासाहेबांनी काय पाहिलं? १९२३ ला विठ्ठल खांद्यावर, आणि १९२७ ला महाडमध्ये तळ्याचं पाणी प्याले म्हणून आपल्या माणसांची डोकी फोडली. १९३० पासून नाशिकला काळारामाच्या दारात बसून राहिले, दार हललं नाही. कारण चवदार तळ्यावर आलेल्या माणसाला कुणाची विकेट काढायची नव्हती. त्याला फक्त पाणी प्यायचं होतं. ज्याची गरज नाही त्याच्यासाठी विटाळ झोपत नाही. एक विठ्ठल खांद्यावर चढला म्हणून लाखोंच्या पायाखालचा चिखल सुकत नाही. आपल्याला कप मिळावा म्हणून प्रत्येकानं डावखुरी फिरकी टाकून दाखवायची काय? माणूस म्हणून जन्मलो, हे पुरे नाही का?

म्हणून दोघांच्या वाटा फुटल्या. १९३२ साली येरवड्याच्या करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू होता, पण स्वतंत्र मतदारसंघ नको म्हणणाऱ्यांच्या बाजूनं. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं, तर बाळूनं त्याला विरोध केला. आणि १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याला बाबासाहेबांपुढं उभं केलं. काँग्रेसला तेव्हा बाळूचा हात पाहिजे होता का डोकं? मला तर वाटतं, पुन्हा हातच. पुन्हा बोलिंग टाकायची होती, पण या वेळी समोर आपलाच बॅट्समन होता. बाबासाहेबांना मतं १३,२४५. बाळूला ११,२२५. बाबासाहेब जिंकले.

आकडे नीट बघा. फरक दोन हजार वीस मतांचा. बाळूला पडलेली अकरा हजार मतं सगळी काय काँग्रेसच्या पैशाची होती? त्यात आपलीही माणसं असणार. त्यांना बाळू हा शत्रू वाटत नव्हता. तो त्यांचा हिरो होता. शत्रूनं आपल्याविरुद्ध आपलाच हिरो वापरला. हा डाव आजही चालतो. प्रत्येक निवडणुकीत चालतो. बाळूला शिवी देऊन तो डाव थांबत नाही, डाव ओळखावा लागतो.

वॉकरचं पुढं काय झालं? त्यानं बाळूच्या बरोबर उलटं टोक गाठलं. १९०८ साली त्यानं एक पुस्तक काढून मांडलं, की या देशात काळ्याला कधीच न्याय मिळणार नाही, सगळ्यांनी आफ्रिकेत निघून जावं. १९२४ साली तो मेला. बाळू म्हणाला घरातच राहू, घर बदलेल. वॉकर म्हणाला देशच सोडू. बाबासाहेबांनी तिसरी वाट काढली : देश सोडायचा नाही, घरधन्याचा धर्म सोडायचा. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिकडचा काळा माणूस त्यांना परका नव्हता. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते हवेतून नाही घेतलं.

बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारला. नागपूरची धम्मदीक्षा त्यानं पाहिली नाही.

तिकडं अमेरिकेत काय झालं तेही सांगतो. जॉश गिब्सन नावाचा दुसरा एक कॅचर होता. काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला, कारण वरच्यांत प्रवेश नव्हता. रॉबिन्सननं दार उघडलं त्याच्या तीन महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी मेला. २०२४ साली बेसबॉलवाल्यांनी काळ्यांच्या लीगचे आकडे आपल्या वहीत मिळवले, आणि बघतात तर काय, आजवरच्या सगळ्या बॅट्समनांत सरासरीत पहिला गिब्सन! मेल्यावर ७७ वर्षांनी. वही त्यांची, उशीर त्यांचा. पण तिकडच्या काळ्या माणसांनी गिब्सनचं आणि वॉकरचं नाव मधल्या काळात मरू दिलं नाही. आपण बाळूचं काय केलं?

खरं बोलू? आपण बाळूला दोन कारणांनी टाकला. एक, तो बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला. दुसरं कारण आपण मोठ्यानं बोलत नाही : तो चांभार होता, आपल्यातला नव्हता. एकदा आमच्यातलाच एक जण मला म्हणाला, ‘काहून त्या चांभाराचं एवढं कौतुक करतं बे?’ मी म्हटलं, बाप्पा, हे वाक्य तू कुठून आणलंस? पुण्याच्या क्लबातले ते मेंबर याच्यापेक्षा वेगळं काय म्हणत होते?

आपल्या जिल्ह्यात हे चित्र रोज दिसतं. भीमजयंतीची मिरवणूक एकीकडं, रोहिदासजयंतीची दुसरीकडं. मातंग वस्ती तिसरीकडं. आणि एका गावात (नाव घेत नाही) आम्ही टुर्नामेंटची एंट्री भरायला गेलो तर टीमच्या नावातला ‘भीम’ काढा म्हणाले. आम्ही काढला नाही, खेळलोही नाही. त्या दिवशी आमच्या टीमचा सगळ्यात चांगला बोलर चांभाराचा पोरगा होता. तो खेळू शकला असता, त्याला दुसऱ्या टीमनं बोलावलं होतं. तो आमच्याबरोबर परत आला. अशा पोराच्या तोंडावर आपण ‘बाळू चांभार’ हा शब्द शिवीसारखा फेकतो, आणि मग विचारतो चांभार आपल्यात का येत नाहीत!

म्हणून माझं सांगणं असं. अभ्यासवर्गात तो प्रश्न जरूर विचारा. १९३७ चे आकडे जरूर पाठ करा. पण त्याच्यासोबत दुसरे आकडेही सांगा : महिन्याला तीन रुपये, इंग्लंडमध्ये ११४ विकेट, जन्मभरात कप्तानी घटकाभर. आणि पोरांना विचारा, एवढं करूनही ज्याला डोकं असल्याचं मान्य झालं नाही, त्यानं कुणाकडं यायला पाहिजे होतं? आणि तो आला नाही, यात त्याचा दोष किती आणि त्याला हात दाखवून फसवणाऱ्यांचा किती?

बाळूला माफ करा असं मी म्हणत नाही. माफी द्यायला आपण कोण? मी म्हणतो, त्याला मोजा. पूर्ण मोजा. वॉकरनं खूण न मिळताही बॉल झेलला. आपल्याला तर इतिहास इतक्या खुणा देतोय. बॉल आपल्याकडंच येतोय. हात मागं घेऊ नका.

जय भीम.